ब्रेकवर ठेवलेला पाय

अप्पांनी उभ्या आयुष्यात डोक्याला तेल न लावता घराचा उंबरा ओलांडला नव्हता. त्यामुळे पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही हॉस्पिटलच्या तळमजल्यावर पोचलो आणि तिथल्या सिस्टरनं त्यांच्या केसांवरून नुसतं एक बोट फिरवून "आजोबा, आज नाही जमायचं, डोकं स्वच्छ धुऊन उद्या या," म्हणून सांगितलं, तेव्हा ते माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच त्यांचं लायसन जप्त केलंय.

सिस्टरनं नियमांचा कागद हातात दिला. तेल नाही, व्हॅसलीन नाही, अत्तर नाही, पावडर नाही. अंगावर सुती कपडे, तेही त्यांनी दिलेले. मोबाइल, घड्याळ, कानाचं मशीन, काडेपेटी सगळं बाहेर. अप्पा म्हणाले, "एवढं सोवळं तर तुझ्या आजीनं पण पाळलं नाही." पण या सोवळ्यामागचं कारण पक्कं होतं. पायाच्या जखमेसाठी अप्पांना एका बंद चेंबरमध्ये बसून दाबाखाली ऑक्सिजन घ्यायचा होता. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये आग भडकायला एक ठिणगी पुरते. १९९७ साली इटलीत मिलान शहरात अशाच एका चेंबरला आग लागली. हात ऊबदार ठेवायचं एक छोटंसं साधन कुणाबरोबर तरी आत गेलं होतं. तेवढ्यावरून ११ माणसं गेली. हे मी अप्पांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शिकेकाईनं धुतलेलं, भुरभुरणारं डोकं घेऊन ते रिक्षात बसले आणि हॉस्पिटल येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

अप्पा एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं. त्यातली शेवटची बरीचशी स्वारगेट ते महाड, भोरवरून, वरंधा घाटानं. जखम झाली ती उजव्या पायाला, अंगठ्याच्या खाली, तळव्याच्या फुगीर भागावर. बरोबर त्या जागी, जिथे ३१ वर्षं आधी अॅक्सिलरेटर आणि मग ब्रेक टेकत होता. चपलेतून एक चूक वर आली होती. चांभाराच्या भाषेतली चूक, म्हणजे बारीक खिळा. ती दिवसभर पायात रुतत राहिली आणि अप्पांना कळलंच नाही. संध्याकाळी आईला फरशीवर डाग दिसले. "कुणाचं रक्त हे?" असं अप्पांनीच विचारलं, असं आई सांगते.

१९ वर्षांचा डायबेटिस. पायाच्या नसा बधिर झालेल्या. चार महिने ड्रेसिंग चाललं, दोनदा जखम खरवडून साफ केली, जखम भरेना. तेव्हा डॉक्टरांनी हायपरबेरिक ऑक्सिजनचा, म्हणजे चेंबरमध्ये वाढवलेल्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा, विषय काढला. मला ते आवडले, कारण त्यांनी आधी हात वर केले. म्हणाले, शुगर ताब्यात ठेवणं, पायावर भार न देणं, ड्रेसिंग, हे पहिलं. ऑक्सिजन त्याच्या जोडीला. काहींना फायदा होतो, काहींना होत नाही, आणि होईलच असं मी लिहून देणार नाही. ३० सिटिंग्ज ठरली.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. श्वसन, रक्ताभिसरण, चेतासंस्था हे सगळं माझ्याकडे असतं. हिमोग्लोबिन ऑक्सिजन कसा उचलतं हे दाखवणारा एस आकाराचा वक्र मी फळ्यावर इतक्या वेळा काढलाय की खडू आपोआप वळतो. आता तो वक्र स्वतःच्या बापाच्या रक्तात चालताना बघायचा होता.

चेंबर म्हणजे लांबट लोखंडी डबा. आत समोरासमोर आठ खुर्च्या, गोल खिडक्या, जाड काचा. अप्पांनी दारातून आत डोकावलं आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. "ही तर मिनीबस आहे गं." बाहेर मीटर, व्हॉल्व्ह आणि इंटरकॉमपाशी बसलेला ऑपरेटर म्हणजे ड्रायव्हर. पेशंटबरोबर आत बसणारा अटेंडंट म्हणजे कंडक्टर. त्या अटेंडंटला अप्पा पहिल्या दिवसापासून "मास्तर" म्हणायला लागले, आणि दार लागलं की आतून दोनदा टिचक्या वाजवायचे. डबल बेल.

मग दाब चढायचा. दाब मोजायचा तो वातावरणांत, आपल्या भोवतीच्या हवेचा दाब म्हणजे एक वातावरण. समुद्रात दर दहा मीटरला एक वातावरण वाढतं. या चेंबरमध्ये २.४ वातावरणांपर्यंत जायचं, म्हणजे सुमारे १४ मीटर पाण्याखाली, कपडे न भिजवता. दाब वाढला की सगळ्यांत आधी कान तक्रार करतात. बाकीचे पेशंट नाक दाबून, गाल फुगवून, घशात थुंकी गिळून हैराण. अप्पा मजेत. वरंधा घाट उतरताना कानाला दडे बसतात, हवा दाट होत जाते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणं आणि या डब्यात बसणं एकाच जातीचं, फरक फक्त उंचीचा. "जांभई द्या, जांभई," असं ते शेजारच्या बाईंना सांगत होते. रिटायर झाल्यावर कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांचं ऐकत होतं.

दाब पूर्ण झाला की डोक्यावर पारदर्शक हूड चढायचा आणि त्यात शुद्ध ऑक्सिजन सुरू व्हायचा. ३० मिनिटं ऑक्सिजन, ५ मिनिटं साधी हवा, असं तीनदा. मी खिडकीतून बघायची. अंतराळवीर झालेले अप्पा.

वही सुरू केली ती तिसऱ्या दिवशी. अटेंडंट आत सगळ्यांची नाडी बोटांनी मोजायचे, भिंतीवरचं घड्याळ काचेतून बघत, आणि इंटरकॉमवर आकडा सांगायचे. ऑपरेटर तो चार्टवर लिहायचा. मी त्याला विनवणी करून माझ्या वहीत उतरवून घ्यायची. दार लागायच्या आधी ८८. दुसऱ्या ऑक्सिजनच्या मध्यावर ८१. बाहेर आल्यावर थोड्या वेळानं ८६. दुसऱ्या दिवशी ९०, ८२, ८७. कुणी विचारलं असतं की हे कशासाठी, तर मला उत्तर देता आलं नसतं. बाहेर दोन-दोन तास बाकावर बसून माणूस काहीतरी मोजणारच.

ऑक्सिजनचा आकडा मोजायची सवय तर आपल्याला २०२१ नं लावलीच होती. त्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीत एक ऑक्सिमीटर सहा घरांत फिरत होता. ९४ खाली गेलं की अंगाला घाम फुटायचा. सिलिंडरसाठी लोकांनी रात्र-रात्र रांगा लावल्या. शेजारच्या काकूंना ९१ दिसलं तेव्हा त्यांच्या मुलानं बॅटरी बदलून पुन्हा मोजलं होतं, मशीनच खोटं असावं म्हणून. त्यामुळे चेंबरबाहेर आल्या आल्या मी सवयीनं अप्पांच्या बोटाला क्लिप लावली. ९८. आत जायच्या आधी ९७ होतं. एवढा खटाटोप करून एक आकडा वाढला?

यात माझीच लाज निघाली, कारण हे मी शिकवते. त्या क्लिपला फक्त हिमोग्लोबिन दिसतं. हिमोग्लोबिनच्या खुर्च्या निरोगी माणसात साध्या हवेतच जवळजवळ भरलेल्या असतात. हाउसफुल्ल गाडीत आणखी किती माणसं बसवणार? दाबाखाली जो जास्तीचा ऑक्सिजन शिरतो तो खुर्चीवर बसत नाही, तो रक्तद्रवात विरघळतो, सोड्याच्या बाटलीत वायू विरघळतो तसा. साध्या हवेत १०० मिलीलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलीलिटर ऑक्सिजन असा विरघळलेला असतो. ३ वातावरणांवर शुद्ध ऑक्सिजन घेतला तर तो ६ च्या आसपास जातो. आणि विश्रांतीत शरीर दर १०० मिलीलिटर रक्तातून खर्च करतं तेही साधारण ५-६ मिलीलिटर. म्हणजे हिमोग्लोबिनशिवायही भागावं! हे नुसतं गणित नाही. अ‍ॅमस्टरडॅमचे सर्जन इटे बोरेमा यांनी १९६० मध्ये डुकरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी डुकरांचं रक्त काढून त्या जागी प्लाझ्मासारखं द्रावण भरलं होतं, लाल पेशी जवळपास शून्य, आणि चेंबरमध्ये ३ वातावरणांवर ती डुकरं जगली. मग त्यांना रक्त परत दिलं. निबंधाचं नावच होतं, रक्ताविना जीवन.

इतका सुकाळ झाल्यावर शरीरानं काय करावं? मला वाटायचं, उत्साह येईल, नाडी टणाटण उडेल. ऑक्सिजन म्हणजे प्राणवायू, भरपूर प्राण म्हणजे भरपूर धावपळ, असं आपलं भाबडं समीकरण. होतं उलटं. शरीर आवरतं घेतं.

पंगतीत आग्रह करणारा यजमान असतो ना, हातात जिलब्यांचं ताट घेऊन. दोन-तीनदा "नको" म्हणून झालं की माणूस पानावर आडवा हात धरतो. ऑक्सिजन जास्त झाला की शरीरातल्या बारीक रोहिण्या तसा हात आडवा धरतात. आकुंचन पावतात. रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड नावाचा रेणू असतो. जास्तीच्या ऑक्सिजनमधून तयार होणारे तिखट मुक्तकण तो खाऊन टाकतात, आणि वाहिन्या आखडतात. मेंदूतसुद्धा हेच. १९५३ मध्ये लॅम्बर्टसन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांवर मोजलं, ३.५ वातावरणांवर मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे पाव भागानं कमी झाला. तुमचं नाजूक सामान मी जपून ठेवतो, एवढा विस्तव आत नको, असं काहीसं.

वाहिन्या आखडल्या की रक्तदाब थोडा वर सरकतो. मानेतल्या रोहिणीच्या दुभाजकापाशी आणि महारोहिणीच्या कमानीत दाब ओळखणारे संवेदक बसलेले असतात. ते मेंदूच्या बुंध्याला निरोप देतात. तिथून व्हेगस, दहावी कर्पर चेता, खाली मान, छाती ओलांडून हृदयाच्या स्वतःच्या, नैसर्गिक पेसमेकरपाशी येते आणि सांगते, हळू. नाडी उतरते. हृदय दर मिनिटाला बाहेर टाकतं ते रक्तही कमी होतं. जोडीला आणखी एक धागा आहे. ऑक्सिजन कमी पडला की ओरडणारे संवेदक मानेत असतात, ते या सुबत्तेत गप्प होतात. आणि नाडीचा काही उतार ऑक्सिजनमुळे नसतोच, तो नुसत्या दाबाचा आणि दाट झालेल्या वायूचा असतो. अॅट्रोपिन नावाचं औषध दिलं की व्हेगसची वाट बंद होते आणि ऑक्सिजनमुळे आलेला मंदपणा बराचसा नाहीसा होतो, पण दाबाचा वाटा उरतो. त्यावरून हे दोन वेगळे करता आले.

मग जखमेला ऑक्सिजन कसा मिळतो, वाहिन्या जर आखडल्या तर? मलाही हाच प्रश्न पडला होता. प्रवाह थोडा कमी होतो, पण प्रत्येक थेंबात माल इतका जास्त असतो की हिशेब फायद्यातच राहतो. शिवाय वाहिन्या आखडल्यानं सूजही उतरते, आणि सुजलेल्या पायात ते हवंच असतं. ट्रॅफिक कमी, पण प्रत्येक गाडी डबल भरलेली. हे वाक्य अप्पांचं.

ब्रेकचं रूपकही त्यांचंच. एका दुपारी मी त्यांना समजावत होते की व्हेगस म्हणजे ब्रेक, अनुकंपी नसा म्हणजे अॅक्सिलरेटर. सगळ्या पुस्तकांत असंच असतं. त्यांनी विचारलं, "दोन्ही सोडले तर गाडी किती पळंल?" मी म्हटलं, तरुण माणसाच्या हृदयाच्या सगळ्या नसा गप्प केल्या तर ते आपसूक शंभरच्या आसपास धडधडतं. आपली बसल्या जागी ७० असते ती ब्रेक दाबून ठेवल्यामुळे. अप्पा जरा थांबले. "म्हणजे गाडी उतारावरच उभी आहे कायमची. पाय ब्रेकवर ठेवूनच चालवायची. न्यूट्रलला टाकली की गेली."

वीस वर्षं मुलांना मी सांगत आले, "व्हेगस हृदयाची गती मंद करतो, एक गुण." उतार कुणी दाखवला नव्हता.

आता ८८ चा प्रश्न. ७१ वर्षांचा माणूस, बसून आहे, ताप नाही, चालला नाही, आणि नाडी ८८-९०? वय वाढलं की हृदयाची मूळ गतीसुद्धा शंभरवरून खाली उतरत जाते. मग अप्पांचा ब्रेक लागतोय तरी किती? डायबेटिस नसा खातो तो लांब नसांपासून. म्हणून आधी पाय बधिर होतात. आणि हृदयापर्यंत जाणाऱ्या नसांमध्ये लांबलचक म्हणजे व्हेगस. तीही लवकर झिजते. हे मला माहीत होतं, पण माहीत असलेली गोष्ट आपल्या माणसाला लावायला मन धजत नाही. खिळा रुतलेला पायाला कळत नाही, ते समोर दिसलं. छातीतली बधिरता दिसत नाही.

डॉक्टरांनी एक साधी तपासणी केली. ईसीजीच्या पट्ट्या लावून अप्पांना एका मिनिटात सहा श्वास घ्यायला लावले. पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर. श्वास घेताना नाडी वाढते, सोडताना उतरते, ती उतरते व्हेगसमुळेच. दोन्हींतला फरक १५ किंवा जास्त असला की उत्तम, १० किंवा कमी असला की बिघाड. अप्पांचा ८ आला. डॉक्टर म्हणाले, यात वयाचाही वाटा आहे, लगेच घाबरू नका. आईनं विचारलं, "रोज प्राणायाम करतात की ओ हे, तरी?" डॉक्टर हसले, म्हणाले, चालू ठेवा. मला त्यांचं ते हसणं तेव्हा आवडलं नाही.

त्यानंतर मी वही वेगळ्या नजरेनं बघायला लागले. शेजारच्या खुर्चीवर एक पंचविशीची मुलगी यायची, एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालेली. तिची नाडी आत ७६ वरून ६३ वर यायची. अप्पांची सात-आठनं उतरायची. तेरा आणि सात. मला ठाऊक आहे की दोन माणसं म्हणजे अभ्यास नव्हे, तिचं वय काय, अप्पांचं काय, आणि सातातले किती दाबाचे आणि किती व्हेगसचे हे माझ्या वहीला सांगता येणार नव्हतं. पण मी काय पेपर लिहायला बसले नव्हते. ब्रेकची तार पूर्ण तुटली असती तर ऑक्सिजनला प्रतिसाद म्हणून नाडी एवढी तरी हलली असती का? रोज सकाळी मी तो मधला आकडा ऐकायला इंटरकॉमला कान लावून उभी राहायची. ८१. ८०. एकदा ७८. त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये दोन वडे खाल्ले.

अकराव्या सिटिंगला मात्र घात होता होता राहिला.

ऑक्सिजन फार झाला तर मेंदू बिथरतो, हे फार जुनं ज्ञान आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ च्या त्यांच्या ग्रंथात दाबाखालच्या ऑक्सिजननं चंडोल पक्ष्यांना आकडी येते हे नोंदवलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात केनेथ डोनाल्ड यांनी १९४२ पासून पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हरांवर हेच मोजलं. सगळ्यांत जास्त वेळा दिसणारी खूण म्हणजे ओठ फडफडणं. आणि सगळ्यांत त्रासदायक निष्कर्ष असा की कुणाला कधी होईल याचा नेम नाही. एकच डायव्हर, पाण्याची एकच खोली, तीन महिन्यांत एके दिवशी ७ मिनिटांत लक्षणं, दुसऱ्या एका दिवशी १४८ मिनिटांपर्यंत काही नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन त्याच काळात स्वतःलाच चेंबरमध्ये कोंडून घेत होते. ऑक्सिजनच्या आकडीत त्यांच्या पाठीचे मणके चेपले आणि ते दुखणं जन्माला लागलं. हे तेच हाल्डेन, जे १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले, आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. दाबानं कानाचा पडदा फाटला तर त्या कानातून सिगारेटचा धूर काढून दाखवता येतो, असं ते गमतीत लिहायचे. असल्या माणसाचं आणि अप्पांचं छान जमलं असतं.

आकडीच्या आधी शरीरात काय उलटतं, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलंय. आधी नाडी मंद, वाहिन्या आखडलेल्या, सगळं जपून. मग कधीतरी ती आडव्या हाताची ताकद संपते. मेंदूतल्या वाहिन्या पुन्हा सैल पडतात, ऑक्सिजनचा लोंढा आत येतो, अनुकंपी नसा उसळतात, नाडी वर उडते, आणि मग झटके. म्हणजे ती सुरुवातीची मंदी राखणदार असते. म्हणूनच मधे ५ मिनिटं साधी हवा देतात, राखणदाराला पाणी प्यायला. दवाखान्यातल्या दाबावर आकडी क्वचित येते, दहा हजार सिटिंग्जमागे एखाद-दुसरी. पण ताप असला किंवा शुगर उतरली तर धोका वाढतो, आणि ऑक्सिजननं शुगर उतरतेच. त्यामुळे दार लागायच्या आधी अप्पांच्या बोटाला रोज टोचणी, आणि आकडा कमी वाटला की दोन बिस्किटं.

तर अकराव्या दिवशी मी काचेतून बघत होते. हूडमध्ये अप्पांचे डोळे मिटलेले, आणि ओठ हलतायत. बारीक, भराभर. माझ्या पोटात खड्डा पडला. मी काचेवर हात आपटला. मास्तरांचंही लक्ष गेलं होतं. ते उठले, एका झटक्यात हूडची नळी काढली, अप्पांना साध्या हवेवर आणलं, खांद्याला धरून हलवलं. ऑपरेटरनं दाब तसाच ठेवला. आकडी येत असताना दाब कमी करायचा नसतो, श्वास कोंडलेला असतो आणि फुप्फुस फाटू शकतं, हे मला नंतर कळलं. अप्पांनी डोळे उघडले. इंटरकॉम चालूच होता.

"काय झालं मास्तर? गाडी का थांबवली?"

"आजोबा, ओठ काय हलवत होता?"

"स्टॉप म्हणत होतो."

कात्रज, खेडशिवापूर, कापूरहोळ, भोर, हिरडोशी, वरंध, बिरवाडी, महाड. दोन तास काढायचे म्हणून ते रोज आत बसून मनातल्या मनात फेरी मारत होते. जाऊन-येऊन. आधी मनात म्हणायचे, त्या दिवशी तोंडानं पुटपुटायला लागले इतकंच. मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि सांगितलं, उद्यापासून फेरी मनातच मारायची, तोंड हललं तर गाडी डेपोला लावीन. त्या दिवशीच्या वहीत अप्पांची नाडी ८० आहे. माझी स्वतःची मी बाकावर बसून मोजली. ११२.

या महिनाभरात एक गोष्ट कळली आणि चीडही आली. मोबाइलवर मी दोनदा हायपरबेरिक शोधलं आणि मग जाहिरातींचा पाऊस. फुग्यासारख्या मऊ पिशवीत झोपा, तरुण व्हा, मुलाचा ऑटिझम बरा करा, चमकदार त्वचा मिळवा. त्या पिशव्यांत दाब असतो १.३ च्या आसपास, आणि दाव्यांना मात्र कुठलीच मर्यादा नाही. ज्या गोष्टीसाठी डॉक्टर रोज शुगर, रक्तदाब, ताप, कान तपासून मगच दार लावतात, ती कुणीतरी फेशियलच्या पॅकेजमध्ये विकतंय. आमच्या स्टाफरूममधल्या एका मॅडमनी मला विचारलंही, "तुमच्या वडिलांचं ते चालू आहे ना, मग माझ्या मायग्रेनला करू का?" मी त्यांना चहा पाजला आणि न्यूरॉलॉजिस्टचा नंबर दिला.

जखम भरली का? बरीचशी. तिसावं सिटिंग संपलं तेव्हा ती एक रुपयाच्या नाण्याएवढी उरली होती, तळ गुलाबी, ओलसर, जिवंत. पुढे दोन महिन्यांनी बंद झाली. त्यात ऑक्सिजनचं किती, ड्रेसिंगचं किती, आईनं साखरेचा डबा कुलपात ठेवल्याचं किती, हे कुणी वाटून देऊ शकणार नाही. अप्पा आता खास शिवून घेतलेले बूट घालतात आणि दर रात्री आई आरसा घेऊन त्यांचे तळवे बघते, हात बघणाऱ्या ज्योतिष्यासारखी. सहा श्वासांची तपासणी पुन्हा केली. ९. डॉक्टर म्हणाले, याला सुधारणा म्हणायचं नाही, मोजण्यातला फरक आहे. मी ते तसंच वहीत लिहिलं.

शेवटच्या आठवड्यात एक गंमत झाली. अप्पा सकाळी ओट्यावर बसून चष्मा न लावता पेपर वाचत होते. बारीक टाइपातल्या श्रद्धांजल्यासुद्धा. आई म्हणाली, ऑक्सिजननं डोळे तरुण झाले. मी विचारलं, समोरच्या रस्त्यावरच्या बसची पाटी वाचता येते का बघा. त्यांनी डोळे बारीक केले. दोन सीझनमागे ज्या माणसाला कात्रजच्या वळणावरून समोरच्या गाडीचा डेपो ओळखता यायचा, त्याला पंचवीस पावलांवरची पाटी धूसर दिसत होती. वीसेक सिटिंग्जनंतर डोळ्याचं भिंग असं तात्पुरतं बदलतं, जवळचं दिसायला लागतं, लांबचं पुसट होतं. काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, पूर्ववत होतं. नवीन चष्मा करू नका, असं सिस्टरनं बजावलं होतं.

अप्पांनी ते दोन महिने मजेत काढले. जवळचं बिनचष्म्याचं वाचायचं आणि लांबच्या बसला हात करताना मला विचारायचं. एकदा बस स्टॉपवर आम्ही उभे होतो. लांबून एक लाल गाडी येत होती. मी पाटी वाचायच्या आत ते म्हणाले, "महाडची आहे."

"दिसली?"

"नाही. इंजिन ऐकतोय. सेकंडला टाकलीय येड्यानं."

मी त्यांच्या मनगटावर सहज बोटं टेकवली. ८४ होती. वही घरी राहिली होती.